ओल्या भिंतीला रंग

तुमच्या घरात कधी नवा गिलावा झाला आहे का? झाला असेल तर तो वास तुम्हाला आठवत असेल. सिमेंटचा, वाळूचा, भिजलेल्या विटांचा वास. भिंत करडी असते, हात लावला की गार लागते, आणि घरातल्या प्रत्येकाला एकच घाई असते. हिला रंग कधी लावायचा?

आज मी तुम्हाला आमच्या घरच्या अशाच एका भिंतीविषयी सांगणार आहे. गोष्ट लहान आहे. त्यात कोणाचा जीव गेला नाही, कोणी कोर्टात गेले नाही. पण त्या भिंतीने मला एक प्रश्न विचारला आणि तो अजून माझ्यासोबत आहे. आपल्याला जे माहीत आहे ते समोरच्याला न सांगणे, हे खोटे बोलणे आहे का? वाचताना तुम्हीही हा प्रश्न स्वतःला विचारून पाहा, एवढीच विनंती.

घडले ते असे

आम्ही इंदूरला राहतो. होळकरांच्या काळापासून इथे मराठी घरे आहेत, त्यांतलेच आमचे एक. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. मागच्या वर्षी बाबांनी गच्चीवर दोन खोल्या बांधायला काढल्या. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षे राहिली होती आणि पुढे भाड्याचा आधार होईल असा विचार होता. मी एम.कॉम. करते, म्हणून खर्चाची वही माझ्याकडे आली. सिमेंटची पोती, वाळूच्या गाड्या, मिस्त्रींची मजुरी, सगळे मी लिहीत होते. पावसामुळे काम लांबले आणि आतला गिलावा ऑगस्टच्या अखेरीस पूर्ण झाला. त्यानंतर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मी स्वतः पाईप धरून भिंतींना पाणी मारले. इकडे त्याला तराई म्हणतात.

सप्टेंबरच्या मध्यावर एक कुटुंब खोल्या पाहायला आले. नवरा-बायको आणि दोन वर्षांची मुलगी. त्यांना १ ऑक्टोबरपासून जागा हवी होती. भाडे महिना ९,००० रुपये ठरले. जाताना त्यांनी विचारले, "तब तक पेंट हो जाएगा ना?" मी लगेच हो म्हणाले.

मग आम्ही रंगारीकाकांना बोलावले. आमचे खालचे घर त्यांनीच दोनदा रंगवले आहे. त्यांनी उत्तरेकडच्या भिंतीवर तळवा ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. मग आईकडून दुधाची रिकामी, धुतलेली पिशवी मागून घेतली, ती कापून सपाट केली आणि चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवली. "कल देखते हैं," म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशी पिशवीच्या आतल्या बाजूला पाण्याचे बारीक थेंब जमले होते. काकांनी मला बोटाने ते दाखवले. "दीवार अभी गीली है, बेटा. रंग बैठेगा नहीं."

त्यांनी दोन मार्ग सांगितले. एक, महिना-दीड महिना थांबा. दोन, फारच घाई असेल तर आत्ता नुसता चुना मारा. चुन्यातून भिंतीची वाफ बाहेर पडत राहते. हिवाळ्यात भिंत कोरडी झाली की चुना खरवडून चांगला रंग लावता येईल.

बाबांनी माझ्याकडे पाहिले, कारण वही माझ्याकडे होती. मी हिशेब केला. एक महिना थांबलो तर ९,००० रुपये गेले. चुना मारला तर खोली जुनाट दिसणार आणि ते कुटुंब दुसरी जागा पाहणार. मी म्हणाले, "लावून टाकू या. पुढचे पुढे पाहू." हा निर्णय माझा होता. बाबांनी फक्त मान हलवली.

काकांनी पुट्टी भरली, प्रायमर मारला, प्लास्टिक पेंटचे दोन हात दिले. फिकट पिस्ता रंग होता. निघताना त्यांनी एकच सांगितले. भाडेकरूंना म्हणावे, पलंग आणि कपाट भिंतीपासून थोडे लांब ठेवा, खिडक्या उघड्या ठेवा. मी हो म्हणाले. पण सांगितले नाही. सांगितले असते तर "का?" असा प्रश्न आला असता.

दिवाळी झाली आणि त्या उत्तरेच्या भिंतीवर फोड आले. आधी रुपयाएवढे, मग तळहाताएवढे. फोड फुटले की आतून पांढरी भुकटी पडायची. तिथेच त्या लहानगीचा छोटा पलंग लावलेला होता.

एका संध्याकाळी ते भाऊ खाली आले. चेहरा उतरलेला होता. बाबांना म्हणाले, "अंकलजी, हमने कमरे में गीले कपड़े सुखाए थे, शायद उसी से दीवार खराब हो गई. डिपॉझिट में से काट लीजिए."

वाचकहो, खरा प्रसंग हा आहे. भिंतीचे फोड म्हणजे निव्वळ रसायनशास्त्र आहे. पण एक प्रामाणिक माणूस माझी चूक स्वतःच्या डोक्यावर घेऊन माझ्यासमोर उभा होता, आणि त्याला वाटत होते की आपण दुसऱ्याचे नुकसान केले. बाबा म्हणाले, "देखते हैं." मी काहीच म्हणाले नाही. ते गेले.

भिंत वाळते म्हणजे नेमके काय होते

पुढे जाण्याआधी हे थोडे समजून घेऊ, कारण मला ते तेव्हा नीट माहीत नव्हते. आपल्याला वाटते की सिमेंट वाळले की घट्ट होते. तसे नाही. सिमेंट पाण्याशी संयोग पावून घट्ट होते. म्हणून तर गिलाव्यानंतर किमान सात दिवस पाणी मारायचे असते. पाणी कमी पडले तर गिलावा कच्चा राहतो, बारीक भेगा पडतात. म्हणजे पहिले काही दिवस भिंतीला पाणी हवेच असते.

त्यानंतरचे काम उलट असते. जे पाणी संयोगात वापरले गेले नाही, ते आता बाहेर पडायला हवे. आतल्या भिंतीचा गिलावा साधारण १२ मिलीमीटर असतो, पण त्याच्या मागे विटा असतात आणि त्याही भिजलेल्या असतात. हे सगळे पाणी हवेत जायला साधारण चार आठवडे लागतात. पावसाळ्यात त्याहून जास्त.

शिवाय ताज्या सिमेंटमध्ये क्षार फार तीव्र असतो. त्याचा पीएच १२ ते १३ च्या आसपास असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यावर हळूहळू काम करतो आणि ही तीव्रता कमी होत जाते. त्याआधी ऑइल पेंट लावला तर क्षार आणि तेल मिळून चक्क साबणासारखा थर होतो आणि रंग सुटतो. प्लास्टिक पेंट लावला तर तो पाण्याची वाट अडवतो. पाणी बाहेर येताना विरघळलेले क्षार सोबत आणते, ते रंगाच्या पाठीमागे साठतात, फुगतात, रंगाला ढकलतात. तीच ती पांढरी भुकटी. आपण म्हणतो, भिंतीला लोणा लागला.

म्हणजे रंगाने ओल थांबत नाही. ती फक्त दिसेनाशी होते, आणि नंतर रंगासकट बाहेर येते.

गप्प राहणे म्हणजे खोटे बोलणे का?

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी स्वतःची बाजू मांडत होते. मी खोटे काय बोलले? "भिंत कोरडी आहे" असे मी कधीच म्हणाले नव्हते. त्यांनी विचारले होते, रंग होईल का? मी हो म्हणाले आणि रंग झाला. माझा एकही शब्द खोटा नव्हता.

मग मला माझाच अभ्यास आठवला. भारतीय करार कायदा, १८७२. त्याच्या कलम १७ मध्ये फसवणूक म्हणजे काय हे सांगितले आहे. तिथे म्हटले आहे की नुसते मौन म्हणजे फसवणूक नव्हे. परीक्षेत आम्ही एवढेच वाक्य पाठ करतो आणि पुढचा भाग घाईने लिहितो. पण पुढचा भागच महत्त्वाचा आहे. जिथे बोलणे हे कर्तव्य आहे, किंवा जिथे मौनच बोलण्यासारखे आहे, तिथे मौन फसवणूक ठरू शकते. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ याच्या कलम १०८ मध्ये तर अधिक स्पष्ट आहे. भाड्याने देणाऱ्याला एखादा मोठा दोष माहीत असेल, घेणाऱ्याला माहीत नसेल आणि साधी काळजी घेऊनही तो त्याला दिसण्यासारखा नसेल, तर देणाऱ्याने तो सांगायला हवा. दीडशे वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांना माझा तो पिस्ता रंग जणू आधीच दिसला होता.

ओली करडी भिंत कोणालाही दिसली असती. तिच्यावर रंग लावून मी ती न दिसण्याजोगी केली. म्हणजे मी नुसती गप्प नव्हते. रंग माझ्यावतीने बोलत होता. तो म्हणत होता, "खोली तयार आहे." ते माझेच विधान होते आणि ते खोटे होते.

महाभारतात भिंतीची एक गोष्ट आहे. वारणावतात पुरोचनाने पांडवांसाठी सुंदर घर बांधले. सण, राळ, तूप, लाख हे सगळे मातीत कालवून भिंतींना लिंपण केले होते. वरून घर देखणे होते. पण युधिष्ठिर आत गेला आणि त्याला भिंतींमधून तुपाचा, लाखेचा वास आला. विदुराने सावध केलेले होतेच. डोळ्यांना जे दिसले नाही ते त्याने ओळखले.

आणि हाच युधिष्ठिर पुढे द्रोणांसमोर उभा राहतो. अश्वत्थामा मारला गेला का, असे गुरू विचारतात. तो मारला गेल्याचे सांगतो आणि तो हत्ती होता हे पुटपुटतो. शब्द खरा होता. पण समोरच्याला काय कळेल हे त्याला पक्के माहीत होते, आणि तेच कळावे अशी त्याची इच्छा होती. तोपर्यंत त्याचा रथ जमिनीपासून चार बोटे वर चालत असे. त्या क्षणी तो खाली टेकला.

या दोन प्रसंगांनी मला माझ्या प्रश्नाचे उत्तर दिले. सत्य फक्त आपल्या शब्दांत नसते. समोरच्याच्या मनात आपण काय उभे करतो, तेही सत्याच्या हिशेबात धरावे लागते. दुसऱ्याच्या भिंतीतला वास आपल्याला लगेच येतो. स्वतःच्या तोंडचे अर्धे वाक्य मात्र पूर्ण वाटते.

सकाळी मी वर गेले. ताई मुलीला भरवत होत्या, भाऊ ऑफिसला निघत होते. मी सांगितले की भिंत ओली असताना रंग लावला होता, रंगारीकाकांनी नको म्हटले होते, कपडे वाळवण्याचा त्याच्याशी संबंध नाही. त्यांनी एकच विचारले, "आपको तब पता था?" मी म्हणाले, "हाँ." ते काही बोलले नाहीत. त्यांनी मुलीच्या पलंगाकडे पाहिले, मग मला म्हणाले, "ठीक है." रागावले असते तर बरे झाले असते असे मला वाटले.

नुकसान झाले नसते तर?

आता हिशेब पाहू. भिंत खरवडून, सुकवून, पुन्हा पुट्टी-प्रायमर-रंग करायला ११,५०० रुपये लागले. एका महिन्याचे भाडे, ९,००० रुपये, बाबांनी परत केले. एकूण २०,५००. जे ९,००० वाचवायला मी निघाले होते, त्याच्या दुपटीहून जास्त गेले.

अशा गोष्टीचा शेवट बहुतेक जण इथेच करतात. पाहा, खोटेपणा शेवटी महागातच पडतो! पण मला हा शेवट पटत नाही, आणि तुम्हालाही पटू नये असे वाटते. समजा, त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये कडक ऊन पडले असते, फोड आलेच नसते. ९,००० रुपये वाचले असते आणि कोणाला काही कळले नसते. मग माझे वागणे योग्य ठरले असते का?

नसते. कारण मी त्यांच्या वतीने एक धोका पत्करला होता आणि तो त्यांना विचारलेला नव्हता. लहान मुलगी कुठे झोपेल, कपडे कुठे वाळतील, ही जागा घ्यावी की नाही, हे सगळे ठरवण्याचा हक्क त्यांचा होता. ठरवायला लागणारी माहिती माझ्याकडे होती. ती मी माझ्याकडेच ठेवली. फोड येवोत वा न येवोत, तो हक्क मी पहिल्या दिवशीच घेतला होता. आपण ज्याला अस्तेय म्हणतो, म्हणजे जे आपले नाही ते न घेणे, त्याचा अर्थ मला तेव्हा पहिल्यांदा समजला. वस्तूच चोरता येते असे नाही. दुसऱ्याचा निर्णयही चोरता येतो.

सत्य फायद्याचे असते म्हणून पाळायचे, असे ठरवले तर ज्या दिवशी ते तोट्याचे असेल त्या दिवशी आपण ते सोडून देऊ. हिशेबाच्या वहीत सत्याचा वेगळा रकाना नसतो. ती वही खरी लिहिलेली आहे की नाही, एवढाच प्रश्न असतो.

मग प्रत्येक रंग खोटाच का?

तुम्ही म्हणाल, असे असेल तर घर सजवणेही खोटे झाले. पाहुणे येणार म्हणून पसारा आवरणे, मन उदास असताना आजीसमोर हसणे, हे सगळे रंगच आहेत.

मला तसे वाटत नाही. रंग म्हणजे लबाडी नव्हे. अजिंठ्याच्या लेण्यांत खडकावर मातीचा गिलावा देऊन, तो वाळवून, त्यावर चुन्याचा पातळ हात देऊन चित्रे काढली आहेत. पहिली लेणी इसवी सनाच्या आधीची, नंतरची पाचव्या शतकातली. इतक्या शतकांनंतरही ती चित्रे आपण पाहतो. राजस्थानात शेखावाटीच्या हवेल्यांत तर मुद्दाम ओल्या चुन्यावर रंग लावत. त्याला आलागीला म्हणतात. तिथे चुना वाळताना रंगाला स्वतःत ओढून घेतो, रंग आणि भिंत एक होतात. म्हणजे ओल्यावर रंग लावणे हाही दोष नव्हे. त्या कारागिरांना भिंत ओली आहे हे ठाऊक असते आणि त्यांचे सगळे काम त्या ओलीला धरून चालते. मी मात्र ओल नाहीच असे समजून, खरे तर तसे भासवून, काम केले.

रंगारीकाकांनी सुचवलेला चुना मला म्हणूनच आता फार आवडतो. तो भिंतीला नीटनेटके रूप देतो आणि आतले पाणीही अडवत नाही. पाहुण्यांसाठी आवरलेले घर असेच असते. आजीसमोरचे हसूही तसेच, कारण त्या हसण्यावर आजी काही व्यवहार ठरवणार नसते, आणि तिने जवळ घेऊन विचारले तर आपण रडूही शकतो. हा रंग वाट अडवत नाही.

मी स्वतःसाठी एक साधी कसोटी ठरवली आहे. समोरच्याला आतले कळले तर मी लाजेने खाली पाहीन का? पाहणार असेन, तर तो रंग लावायचा नाही, किंवा आधी सांगून लावायचा.

ही कसोटी भिंतीपुरती राहत नाही. मी लेखांचा अनुवाद करते. एकदा हिंदी लेखातले एक वाक्य मला नीट कळले नव्हते. विचारायला संकोच वाटला, म्हणून त्या जागी मी एक गोड, गुळगुळीत मराठी वाक्य लिहिले. कोणालाही शंका आली नाही. वाचणाऱ्याकडे दुधाची पिशवी लावून पाहायची सोय नसते, तो विश्वासाने वाचतो. गच्चीवरची भिंत खरवडली जात होती त्या आठवड्यात मला ते वाक्य आठवले. मी ज्येष्ठांना विचारले. मूळ वाक्याचा अर्थ मी लिहिल्याच्या अगदी उलट होता. ते आम्ही दुरुस्त केले. तेव्हापासून कळले नाही तर मी विचारते. कधी कधी हसे होते. होऊ द्यावे.

मनाची ओल

आपल्यासारख्या साधकांसाठी या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे, आणि ती मला सगळ्यात नाजूक वाटते.

साधना सुरू केली की आपल्याला शांत दिसण्याची घाई होते. आपण ध्यान करतो, सत्संगाला जातो, चार चांगले शब्द शिकतो. मग घरी राग आला की आपण तो गिळतो आणि म्हणतो, "मला आता राग येत नाही." कोणाशी दुरावा आला की म्हणतो, "मी क्षमा केली आहे." खरे तर आत पाणी तसेच असते. आपण त्यावर शांततेचा सुंदर रंग लावलेला असतो. काही महिन्यांनी एखाद्या क्षुल्लक कारणाने फोड येतो आणि घरच्यांना कळत नाही की एवढ्याशा गोष्टीवर हा माणूस इतका का भडकला.

हेच आपण दुसऱ्यांनाही करायला लावतो. माझ्या एका मैत्रिणीचे वडील गेले. तेराव्याच्या आधीच लोक तिला सांगू लागले, रडू नकोस, आत्मा अमर आहे, सकारात्मक राहा. त्यात मीही होते. ती मान हलवायची. पुढे कितीतरी महिन्यांनी तिने मला सांगितले की त्या दिवसांत तिला सगळ्यांत जड गेले ते आम्हाला बरे वाटावे म्हणून शांत दिसणे.

आम्ही सांगत होतो ते तत्त्वज्ञान चुकीचे नव्हते. वेळ चुकीची होती. गिलाव्याला आधी पाणी लागते, नंतर वारा लागतो, रंग सगळ्यात शेवटी. दुःखालाही आधी अश्रू लागतात, मग वेळ लागतो. मराठीत ओलावा या शब्दाचे दोन अर्थ आहेत. भिंतीतला ओलावा हा दोष, आणि मनातला ओलावा म्हणजे माया. मैत्रिणीला आमच्याकडून दुसरा ओलावा हवा होता. आम्ही मात्र तिच्यातला पहिला झाकायला निघालो होतो.

याचा अर्थ मनातले सगळे सगळ्यांसमोर उघडे करावे असा नाही. भिंत वाळत असताना खोलीत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हात लावून पाहायला सांगत नाहीत. पण घरच्या माणसांना माहीत असते की ही भिंत अजून ओली आहे, पलंग जरा लांब ठेवू या. एका तरी माणसाला, आणि स्वतःला तर नक्कीच, आपली ओल माहीत असावी.

आपण काय करू शकतो?

पहिले, घराविषयीच. नवा गिलावा झाला असेल तर सात दिवस पाणी मारा, मग किमान चार आठवडे खिडक्या उघड्या ठेवून थांबा. रंगाआधी प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटवून एक दिवस ठेवा. आत थेंब दिसले तर थांबा. कामाच्या खर्चात थांबण्याचा खर्चही आधीच धरा. मी वहीत तो धरलाच नव्हता, म्हणून तो मला तोटा वाटला.

दुसरे, जो हाताने काम करतो त्याचे ऐका. त्या दिवशी खोलीत भिंतीविषयी सगळ्यात जास्त माहिती असलेला माणूस एकच होता आणि आम्ही त्याचेच ऐकले नाही.

तिसरे, काही विकताना, भाड्याने देताना, स्थळ पाहताना, नोकरीसाठी अर्ज करताना, स्वतःला विचारा. समोरचा ज्यावर निर्णय घेणार आहे असे काही मला माहीत आहे आणि त्याला नाही, असे आहे का? असेल तर त्याने विचारण्याची वाट पाहू नका.

चौथे, आपल्या चुकीचा दोष दुसरा कोणी घेत असेल, तर त्याच दिवशी बोला. मी एक रात्र घेतली. ती एक रात्र त्या घरातल्या दोघांनी स्वतःला दोषी समजून काढली. ती मी त्यांना परत देऊ शकत नाही.

पाचवे, दिवसातून एकदा शांत बसाल तेव्हा मनाच्या भिंतीवर तळवा ठेवून पाहा. गार लागते का? लागत असेल तर लगेच रंगाचा डबा उघडू नका. खिडकी उघडा.

ती भिंत आम्ही नोव्हेंबरात खरवडली आणि फेब्रुवारीपर्यंत तशीच करडी ठेवली. तीन महिने ते कुटुंब त्या उघड्या भिंतीसोबत राहिले. मुलीने खडूने तिच्यावर खालच्या बाजूला रेघोट्या ओढल्या. फेब्रुवारीत काकांनी पुन्हा पिशवी लावली. ती कोरडी निघाली. मग रंग झाला, तोच पिस्ता, आणि अजून एकही फोड नाही.

ते कुटुंब अजून आमच्याकडेच राहते. चांगले संबंध आहेत. सणाला ताटे वर-खाली जातात. पण मी त्यांना काही सांगितले, अगदी उद्या सकाळी पाणी लवकर येणार आहे एवढे जरी, तरी ते भाऊ हसून विचारतात, "पक्का ना?"

ते सहज विचारतात. मला दर वेळी ते ऐकू येते. भिंत तीन महिन्यांत वाळली. विश्वासाला किती दिवस लागतात, ते कुठल्या डब्यावर लिहिलेले नसते. मी एवढेच करू शकते की दर वेळी "पक्का" म्हणण्याआधी एकदा भिंतीला हात लावून पाहायचे.

तुमच्या घरात, तुमच्या मनात अशी एखादी भिंत असेल तर आज तिथे थोडा वेळ उभे राहा. आणि ज्याला ते सांगायला हवे, त्याला आजच सांगा.